पहिली दोन बिलं वेळेत मिळाली, तिथेच सापळा होता

सांगली, मिरज, तासगाव भागातले जे सुतार हाताखाली चार मिस्त्री घेऊन आता पूर्ण कॉन्ट्रॅक्ट घ्यायला लागलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मला ज्याने बुडवलं तो माणूस नेमका अशांनाच शोधतो. मोठ्या कॉन्ट्रॅक्टरच्या वाटेला तो जात नाही, कारण त्यांच्याकडे बिलं बघायला वेगळा माणूस असतो.

माझे वडील गावात नांगर, कुळव, तिफणी करायचे. मी फर्निचरमध्ये आलो, कुपवाड एमआयडीसीत ऑफिसांची पार्टिशनं केली, मग गवंडी, फरशीवाला, वायरमन जोडत घरांची कामं अंगावर घेऊ लागलो. जीएसटी नंबर काढला. त्यानंतरचं मोठं काम म्हणजे मिरज रस्त्यालगतचं एक लॉज. इमारतीचा मुख्य कॉन्ट्रॅक्टर वेगळा, तोच हा माणूस; आतलं सगळं काम त्याने मला दिलं. पहिल्याच भेटीत म्हणाला, “आता तुम्हाला मिस्त्री म्हणायचं नाही. तुम्ही आमचे कॉन्ट्रॅक्टर.”

पहिलं बिल चार दिवसांत खात्यावर आलं. दुसरंही तसंच. पोरांचा पगार बाजारच्या दिवशी निघत होता, प्लायवाल्याची उधारी फिटली आणि वरच्या मजल्यांचा माल मी उचलला. त्याला तेवढंच हवं होतं. माल एकदा साइटवर चढला की आपण अडकतो.

मग फोन सुरू झाले. हा माणूस मेसेज कधी करत नाही, कायम फोन. वर्क ऑर्डरमध्ये सगळीकडे ७१० नंबरचा, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय लिहिलेला. २०१९ च्या महापुरात साधा प्लाय फुगून उकलला, ते बघितल्यापासून इकडे गिऱ्हाईक स्वतःहून ७१० मागतं. हा म्हणाला, “मालकांशी बोलणं झालंय, वरच्या मजल्यावर एमआर चालेल, रेटमधला फरक नंतर बघू.” एमआर म्हणजे थोडी ओल सोसणारा, पण पाण्यात न टिकणारा प्लाय. आणि शेवटच्या बिलात त्यानेच शेरा मारला, ऑर्डरप्रमाणे माल नाही. ज्या बदलांबद्दल मी त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर “आज फोनवर सांगितल्याप्रमाणे अमुक करतोय” असं टाकलं होतं, त्यांना मात्र त्याला हात लावता आला नाही.

खरी लूट मापांत झाली. सात फूट रुंद, आठ फूट उंच वॉर्डरोब म्हणजे ५६ चौरस फूट, वर दोन फुटांचा लॉफ्ट, त्याचे १४. एका खोलीचे ७० झाले. त्याच्या इंजिनिअरने खालची चार इंचाची पट्टी वजा केली, लॉफ्ट ‘पॅकेजमध्ये’ म्हणून सोडून दिला आणि आकडा ५४ च्या आत आणला. असं प्रत्येक खोलीत. पॅनेलिंगमागच्या बॅटन, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, आणि सीलिंगचा सांगाडा तर मोजलाच नाही. आता उघडून कोण दाखवणार? मापं त्याच्या वहीत, सही कुणाचीच नाही. त्यामुळे झाकलं जाणारं काम झाकायच्या आधी टेप लावून फोटो काढा आणि त्याच कागदावर त्याच्या इंजिनिअरची तारखेसह सही घ्या. सही मिळत नसेल तर सीलिंगची शीट वर चढवू नका.

हँडल, कुलुपं आणि थोडं टचअप एवढंच राहिलं होतं. एका सकाळी गेटवर अडवलं. आत दुसरी टोळी कामाला लागलेली. माझं कटर, राउटर, वडिलांच्या हातचे रंधे आतच. सुताराची हत्यारं अडकवून ठेवण्यासारखं नीच काम दुसरं नाही. ती परत मिळवायला वकिलांची नोटीस लागली.

अडकलेली शेवटची दोन बिलं मिळून दहा लाख आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. पैसे आलेले नसले तरी बिल काढलं की कर भरावाच लागतो. मालावरचं क्रेडिट, म्हणजे माल घेताना दिलेला जीएसटी, वजा जाता उरलेला मी खिशातून भरला आणि त्याने मात्र माझ्या बिलावरचं क्रेडिट घेतलं. १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते त्याला व्याजासह परत करावं लागतं. हे तुमच्या सीएला सांगून त्याच्याकडे पैसे लेखी मागा.

एक गोष्ट मात्र त्याच्या अंगाशी आली. माझा फॉर्म २६एएस काढला, म्हणजे आपल्या नावावर कुणी किती टीडीएस (बिलातून कापलेला आयकर) भरला ते दाखवणारा आयकर खात्याचा कागद, तर त्याच्या ऑफिसने याच बिलांवर एक टक्का टीडीएस, म्हणजे दहा हजार रुपये, माझ्या नावावर भरलेला! कोर्टात तो म्हणतो काम निकृष्ट, बिल मान्य नाही, आणि त्याच्याच हिशेबात पूर्ण दहा लाख धरलेले. तुमचं बिल अडलं असेल तर हा फॉर्म आधी बघा.

वकिलांच्या ऑफिसात त्या लॉजवरचा फरशीवाला आणि वायरमन भेटले. तीच पद्धत. वायरमनला चेक दिला होता, पण “मालकाचं बिल निघतंय, सोमवारी टाका” असं करत तीन महिने काढले आणि चेकची मुदत संपली. चेक मुदतीत टाकून परत आला, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. त्यानंतर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार.

कामाच्या पैशांचा दावा काम झाल्यापासून ३ वर्षांत लावावा लागतो. फरशीवाल्याची त्यातली दोन “पुढच्या महिन्यात बघू” ऐकण्यात गेली. त्याचा दावा आता तयार होतोय, माझा दाखल झालाय. प्लायच्या दुकानात कळलं की या माणसाने कऱ्हाडकडे नवीन काम धरलंय. तिकडच्या कुणाचे पैसे असेच अडकले असतील तर बिलं, मापांचे फोटो, चॅट जे असेल ते घेऊन या, आमच्याकडची कागदपत्रं दाखवतो.