त्रैक्याचा शास्त्राधार शोधताना : बडोद्यातील एका अभ्यासवर्गाविषयी

दत्तजयंतीचा प्रसाद घेऊन आलेल्या दांडिया बाजारातील आमच्या शेजारच्या काकूंनी मला सहज विचारले, "तुमचेही तीन देव एकच ना, आमच्या दत्तमहाराजांसारखे?" तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरात वाढूनही मी "तसेच काहीसे" असे म्हणून वेळ मारून नेली आणि ते उत्तर मलाच बोचत राहिले. त्यामुळे शहरातील एका मंडळीने (चर्चने) त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच देव ही ख्रिस्ती शिकवण, या विषयावर मराठीतून पाच शनिवारांचा अभ्यासवर्ग जाहीर केला, तेव्हा तीनशे रुपये भरून मी नाव नोंदवले. टिपणवहीचा खर्च त्यातच धरलेला होता.

शिकवणारे निवृत्त पाळकसाहेब होते. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकले की, त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये कोठेही नाही. लॅटिनमध्ये तो देवाविषयी रूढ करण्याचे श्रेय इ. स. 200 च्या सुमारास लिहिणाऱ्या तर्तुल्लियन या ख्रिस्ती लेखकाला दिले जाते. या कबुलीने वर्गातील काही ज्येष्ठ अस्वस्थ झाले, पण माझा विश्वास तेथेच बसला. शब्द नंतरचा असला तरी तो ज्या अनुभवाला दिला गेला तो शास्त्रलेखांत आहे की नाही, एवढाच प्रश्न त्यांनी पाचही दिवस लावून धरला.

सर्वांत भरीव झाला तो दुसरा शनिवार. बायबलमधील अनुवाद या पुस्तकातील 6:4 मधली "आपला देव परमेश्वर हा अनन्य परमेश्वर आहे" ही यहुद्यांची रोजची श्रद्धेची कबुली त्यांनी फळ्यावर लिहिली आणि तिच्याशेजारी 1 करिंथ 8:6 मांडले. तेथे प्रेषित पौल एकच देव म्हणजे पिता आणि एकच प्रभू म्हणजे येशू ख्रिस्त असे म्हणतो. म्हणजे कबुलीतील "देव" आणि "परमेश्वर" (ग्रीकमध्ये "प्रभू") ही दोन पदे तो दोघांना वाटून देतो, तरी "एक" सोडत नाही. यहुदी संस्कारांत वाढलेल्या माणसाने हे लिहावे, यातील धाडस मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा जाणवले. मत्तय 28:19 मधील बाप्तिस्म्याच्या आज्ञेत पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशी तिघांची नावे घेऊनही "नावांनी" न म्हणता "नावाने" म्हटले आहे आणि मूळ ग्रीकमध्येही ते एकवचनच आहे, हेही तेव्हाच उमगले. दर रविवारी उपासनेच्या शेवटी येशूची कृपा, देवाची प्रीती व पवित्र आत्म्याची सहभागिता मागणारे जे आशीर्वचन आम्ही ऐकतो ते 2 करिंथ 13:14 मधले. मंडळी सिद्धांत मांडण्यापूर्वीच त्या सिद्धांताच्या सुरात प्रार्थना करत होती, हा मुद्दा तर्कापेक्षा अधिक पटला.

उत्पत्ती 1:26 मधील "आपण मनुष्य निर्माण करू" या अनेकवचनावर मात्र त्यांनी वाजवीपेक्षा अधिक भार टाकला. आदरार्थी बहुवचन रोज वापरणाऱ्या मराठी माणसाला अनेकवचन दिसले म्हणून अनेक व्यक्ती मोजण्याची घाई नसते. हिब्रूतील "एलोहीम" (देव) हा शब्द रूपाने अनेकवचनी असूनही पहिल्याच वचनात त्याचे क्रियापद एकवचनी आहे, हे सांगूनही त्यांनी निष्कर्ष ओढलाच. याउलट 1 योहान 5:7 विषयी त्यांचा प्रामाणिकपणा वाखाणण्याजोगा होता. पिता, शब्द व पवित्र आत्मा हे तिघे स्वर्गात साक्ष देतात, हे वाक्य जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाने ते 1516 व 1519 च्या आवृत्त्यांत गाळले आणि 1522 मध्ये घातले. ज्या वचनाचा सर्वाधिक उपयोग झाला असता तेच त्यांनी स्वतःहून बाजूला ठेवले.

तिसऱ्या दिवशी पाणी, बर्फ, वाफ हे आमचे लाडके उदाहरण त्यांनी मोडीत काढले, कारण तेथे एकच वस्तू पाळीपाळीने रूपे बदलते. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मात्र पुत्र पाण्यातून वर येतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो आणि पित्याची वाणी ऐकू येते, हे सारे एकाच प्रसंगी घडते. बेलाचे त्रिदळही बाद झाले, कारण प्रत्येक पान तृतीयांश बेल असते, पण पुत्र हा देवाचा तृतीयांश नव्हे.

चौथ्या दिवशी चौथ्या शतकातील धर्मगुरू एरियस याचा वाद आला. पुत्र निर्माण केलेला आहे या त्याच्या मताविरुद्ध 325 साली निकेया येथील धर्मपरिषदेत पुत्र पित्याशी "एकतत्त्व" असल्याचे ठरले, आणि 381 साली कॉन्स्टँटिनोपल येथील परिषदेत पवित्र आत्म्याविषयीची कबुली विस्तारली गेली. हा भाग तासाभरात उरकला, तो पुरेसाही होता.

खरी तक्रार शेवटच्या दिवसाची. "पिता माझ्यापेक्षा थोर आहे" हे योहान 14:28 आणि शेवटच्या दिवसाची घटका पुत्रालाही ठाऊक नसल्याचे सांगणारे मार्क 13:32, ही एरियसच्या बाजूची बळकट वचने अखेरच्या दहा मिनिटांत आटोपली. पुत्राचे मनुष्यत्व आणि त्याचे देवत्व असा भेद करून दिलेले उत्तर परंपरेला धरून होते, परंतु प्रश्न विचारायला उसंतच मिळाली नाही. टिपणवहीच्या छायाप्रतीही इतक्या पुसट होत्या की ग्रीक अक्षरे भिंगाखाली धरावी लागली.

तरीही वर्ग पुन्हा भरला, तर मी पुन्हा जाईन आणि मोकळ्या मनाने इतरांनाही सुचवीन. मात्र बायबल घरून न्यावे, कारण तेथे प्रती कमी पडतात. काकूंकडे मी मागच्या आठवड्यात गेलो होतो. दत्तमूर्तीसारखे नव्हे, एवढे सांगता आले. पुढचे सांगेपर्यंत दोनदा चहा झाला.