‘मॉड’ म्हणत म्हणत माझा कॉम्प्रेसर पोखरला

गाण्याचा वाढलेला आवाज दाबून सारखा ठेवणारा माझा जुना कॉम्प्रेसर मी दुरुस्तीला दिला. एकूण खर्च ₹51,850. त्यातले ₹25,000 आगाऊ, ₹26,850 यंत्र परत देताना, दोन्ही यूपीआयने. पावती नाही. ‘पावती का नाही घेतलीत?’ हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. 18 टक्के जीएसटी धरला तर आणखी ₹9,333 होत होते आणि दुरुस्ती करणारा म्हणाला, "काका, बिल देतो की, पण उगाच तुमचेच पैसे जातील." अशा वेळी आपण सगळेच काय करतो ते आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे मला शहाणपण शिकवू नका.

यंत्र होतं टेलिट्रॉनिक्सचं एलए-टू-ए. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाच्या जिम लॉरेन्स यांनी 1960 च्या दशकात काढलेला व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा) कॉम्प्रेसर. 1967 मध्ये तो धंदा रेकॉर्डिंग इंजिनियर बिल पुटनम यांच्याकडे गेला. आत चार व्हॉल्व्ह: दोन 12एएक्स7, एक 12बीएच7, एक 6एक्यू5. याची सॉफ्टवेअरमधली नक्कल आज प्रत्येक पोराच्या लॅपटॉपवर असते. त्यामुळे खऱ्याचा भाव चढला, आणि भाव चढल्याबरोबर गल्लोगल्ली त्याचे ‘तज्ज्ञ’ही उगवले. मी माझा घेतला तो मुंबईतला एक स्टुडिओ बंद होताना, लोक अशी धुडं अडगळ म्हणून काढून टाकत होते तेव्हा. घरच्या छोट्या स्टुडिओत मी भावगीतं, अभंग, अधूनमधून ऑडिओबुक करतो. आवाज या यंत्रातून गेला की पुढे फारसं काही करावं लागत नाही.

बिघाड म्हणाल तर किरकोळ. मागे घुं असा आवाज यायला लागला होता. जुने इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर वाळतात, ते बदलायचे, एवढंच काम. एका ओळखीच्या तबलजीने नंबर दिला. माणूस स्वतः घरी आला, चहा घेतला, आणि झाकण उघडायच्या आधीच म्हणाला, "आत यूटीसीचा ए-24 असेल ना? अहाहा!" ए-24 म्हणजे यूटीसी कंपनीचा जुना आउटपुट ट्रान्सफॉर्मर. मला वाटलं, हा जाणकार. आता कळतंय की तो माझ्या घरात बसून यादी करत होता.

मग अंदाजपत्रक फुगलं. कंडेन्सर ₹6,750. ‘मुलार्ड’ या ब्रिटिश कंपनीचे दोन जुने, न वापरलेले ईसीसी83 (म्हणजे आपले 12एएक्स7च) ₹18,400. टी-फोरची, म्हणजे आवाज दाबणाऱ्या डबीची, साफसफाई ₹3,200. मजुरी ₹14,000. आणि ‘मॉड’, म्हणजे मूळ रचनेत केलेली ‘सुधारणा’, ₹9,500. या शेवटच्या ओळीवर माझं रक्त अजून उसळतं. त्याचं म्हणणं, जुना आउटपुट ट्रान्सफॉर्मर खर्ज खातो, त्या जागी नवा टाकला की आवाज ‘ओपन’ होतो, परदेशात सगळे हेच करतात. म्हणजे माझा ए-24 काढून नेण्याची मजुरी मीच त्याला दिली. जुन्या यंत्राची किंमत त्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि टी-फोरमध्ये असते. कोणी आपण होऊन ट्रान्सफॉर्मर ‘सुधारून’ देतो म्हणाला, तर चहाही न पाजता वाटेला लावा.

आता एका फोटोबद्दल. काम चालू असताना त्याने व्हॉट्सअॅपवर चॅसिसचा फोटो पाठवला. व्हॉल्व्ह जागेवर, नवे कंडेन्सर चकचकीत, सोल्डरिंग खरंच सुबक. आणि टी-फोरच्या जागी आठ भोकांचं रिकामं सॉकेट. टी-फोर (पूर्ण नाव टी-फोर-बी) म्हणजे या यंत्राचा जीव. एका डबीत प्रकाश देणारी पट्टी आणि तिच्यासमोर फोटोसेल. गाणं जोरात आलं की पट्टी उजळते, सेलचा रोध उतरतो आणि आवाज दबतो. ही डबी व्हॉल्व्हसारखीच सॉकेटमध्ये बसते. ओढली की निघते, ना पाना ना सोल्डर. ते रिकामं सॉकेट मला दिसलं होतं. मी विचारलंसुद्धा, "टी-फोर कुठाय?" उत्तर आलं, "काका, पिना साफ करायला काढलाय." आणि त्या उत्तराखाली मी अंगठा टाकला. तो अंगठा अजून तिथे आहे. रात्री झोप येत नाही तेव्हा मी फोन काढून तो बघतो. तेव्हाच म्हणायला हवं होतं की बाबा, त्या डबीचा फोटो पाठव, वरच्या खुणेसकट. पण हेही सांगतो, ते उत्तर बरोबर होतं! पिना खरंच साफ कराव्या लागतात. थाप मारणारा अडाणी असता तर मी त्याला तिथेच धरला असता.

जुने भाग परत मागितले तर हसला. "कचरा काय करणार काका? भंगारात गेला."

यंत्र परत आलं, घुं गेला, काटा झकास नाचत होता. इथेच फसगत. टी-फोरमध्ये आवाज दाबणारा सेल वेगळा आणि काटा हलवणारा वेगळा. काटा नाचतो म्हणून आवाजही तसाच दबतोय असं अजिबात नाही. मला शंका आली ती एका अभंगाच्या रेकॉर्डिंगला. खऱ्या टी-फोरची सुटण्याची रीत दुपदरी असते: दाब साधारण 60 मिलिसेकंदांत निम्मा सुटतो आणि उरलेला हळूहळू, एक ते पंधरा सेकंदांत. किती वेळ आणि किती दाबला होता ते त्या सेलला जणू आठवतं, म्हणून तर लांबलेली तान कधी उसवत नाही. आता मात्र ‘विठ्ठला’ म्हणून बाई थांबल्या की मागचा श्वास आणि पंखा धाडकन वर. बाई म्हणाल्या, "दादा, माइक बदललात का?" काय सांगणार?

लॅमिंग्टन रोडच्या एका म्हाताऱ्या रेडिओवाल्याकडे नेलं. (बंद यंत्रातही हात घालू नका, कंडेन्सरमध्ये काही शे व्होल्ट साठलेले असतात.) त्यांनी डबी उघडली. आत हौशी लोक किटमध्ये वापरतात तसले नवेकोरे सेल, एकमेकांशी न जुळवलेले. मग त्यांनी ‘मुलार्ड’ भिंगाखाली धरले. वरची छापील अक्षरं कोणीही पुसतो आणि नवी छापतो. मुलार्डच्या इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातल्या ईसीसी83 वर काचेच्या तळाशी फिकट कोड असतो, त्याची दुसरी ओळ बी अक्षराने सुरू होते. माझ्या दोन्ही व्हॉल्व्हवर असलं काहीच नव्हतं. "साधा बेलचा टाकून बेलचा म्हणून दिला असता तरी चाललं असतं," आजोबा म्हणाले. बेल म्हणजे आपलं भारत इलेक्ट्रॉनिक्स. मला तर नक्कीच चाललं असतं. तपासणीचे त्यांनी ₹300 घेतले, आणि तेही मी आग्रह केला म्हणून.

त्या माणसाला फोन केला तर आधी "काका, बर्न-इन व्हायला, म्हणजे नवे भाग मुरायला, वेळ लागतो", मग "तुम्हीच कुठेतरी उघडून छेडछाड केलीत", आणि मग ब्लॉक.

पुढे पोलीस ठाणं. हवालदारांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चोरी झाली म्हणता, पण यंत्र तर तुमच्याच घरी आहे." मी म्हटलं, साहेब, आतलं काढलंय. "काढायचे पैसे तुम्हीच दिलेत ना?" त्यांनी माझ्याच मोबाइलवरचा हिशोब मला दाखवला. मग हे दिवाणी प्रकरण ठरलं. मग त्याची खोली दुसऱ्या हद्दीत आहे म्हणून तिकडे जा. तिकडचे म्हणाले, यंत्र कुठून उचललं? तुमच्या घरून ना, मग तिकडेच. मी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 छापून नेलं होतं. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावी असं त्यात स्पष्ट आहे. विश्वासाने सोपवलेली वस्तू हडपली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 316, फसवणुकीला 318. कागद बघून साहेब म्हणाले, "वकील आहात का?" नाही, रेकॉर्डिंग करतो. "मग बसा." बसलो. अखेर मिळाला तो नुसता अर्जाच्या प्रतीवर शिक्का. कोणीतरी 1930 ला फोन करा म्हणून सुचवलं. तो सायबर फसवणुकीचा नंबर आहे आणि माझा ट्रान्सफॉर्मर काही ओटीपीतून गेलेला नाही.

ग्राहक आयोगाचं ऐका, कामाला येईल. पहिल्या वकिलाने मला परतच पाठवलं, ‘धंद्यासाठीची वस्तू, तुम्ही ग्राहक नाही’ म्हणून. चूक! 2019 च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला सूट आहे, आणि मोबदला ₹5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही. तक्रार टाकली आहे. अनुक्रमणिकेत पान क्रमांक चुकला म्हणून एकदा परत आली. दुरुस्त करून पुन्हा टाकली. आता तारखेची वाट.

नवा टी-फोर आणि त्या जातीचा ट्रान्सफॉर्मर बाहेरून मागवायचा तर मला ₹1,36,000 चा भाव मिळालाय, कस्टम वेगळं. ज्यांच्याकडे अशी यंत्रं आहेत त्यांनी आजच झाकण काढून प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचा, प्रत्येक डबीचा फोटो काढावा, वीज बंद असताना टी-फोर उपसून घरी ठेवावा. कंडेन्सर बदलायला तो लागत नाही. शेवटी यंत्र जुळवून घ्यायला लागतो, तेव्हा स्वतः घेऊन जा आणि समोर बसा. जुने भाग परत हवेत हे पैसे देण्याआधी लिहून घ्या. तो रागावला तर रागावू द्या.

आणि माझे हे भाग कोणी तुम्हाला विकत घ्या म्हणून दाखवले तर: माझ्या ए-24 च्या एका पायावर हिरव्या तैलरंगाचा ठिपका आहे आणि त्याच बाजूला कोपरा चेपलेला आहे. टी-फोर-बीच्या डबीवर काळ्या शाईने देवनागरी ‘३’ लिहिलेला आहे. विकणाऱ्याला काही बोलू नका, फोटो तेवढा काढून ठेवा.