पायथन ट्यूटर: दोन सेमिस्टर वापरल्यावर

पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगच्या वर्गात मी दोन सेमिस्टर पायथन ट्यूटर वापरतेय. फिलिप गुओ यांनी २०१० मध्ये सुरू केलेलं हे साधन ब्राउझरमध्ये फुकट चालतं. कोड चिकटवायचा आणि एकेक पायरी पुढे सरकायचं. मेमरीत काय बदललं ते शेजारी चौकटी-बाणांनी दिसतं.

माझ्या वर्गात शाळेपासून कोड लिहिणारे आहेत, तसे सेव्ह केलेली फाइल शोधताना घाम फुटणारेही. पहिले धडाधड उत्तरं देतात. दुसरे गप्प बसतात आणि मनाशी ठरवून टाकतात, हे आपलं काम नाही. ही कोंडी तीन ओळींनी फोडली. 'यादी' नावाच्या लिस्टमध्ये तीन आकडे. मग 'दुसरी = यादी'. मग 'दुसरी'त आणखी एक आकडा जोडला. आता 'यादी'त किती? धडाधडवाल्यांपैकी बरेचजण छातीठोकपणे 'तीन' म्हणाले. बटण दाबलं, तर दोन्ही नावांचे बाण एकाच लिस्टकडे, आणि आकडे चार! त्या दिवशी मागच्या बाकावरून पहिला प्रश्न आला.

पहिला महिना मात्र मी वाया घालवला. मी बटण दाबायचे, पोरं टीव्ही बघितल्यासारखी बघायची. सगळं कळल्यासारखं वाटायचं, चाचणीत पाटी कोरी. आता नियम केलाय: पुढे काय होईल ते आधी वहीत लिहायचं, शेजाऱ्याशी भांडायचं, मगच बटण. (भांडणाची कल्पना माझी नव्हे; एरिक मॅझूर यांनी १९९० च्या दशकात भौतिकशास्त्राच्या वर्गात ती रुजवली.) नवख्यांचा फायदा इथेच झाला, कारण लिहिताना घाई करणारा कोणी मध्ये येत नाही.

रिकर्शन, म्हणजे फंक्शनने (कोडच्या नाव दिलेल्या तुकड्याने) स्वतःलाच बोलावणं, शिकवायला तर याला तोड नाही; फंक्शनच्या चौकटी एकाखाली एक रचल्या जातात आणि परतताना मिटतात, हे फळ्यावर मला कधीच नीट जमलं नव्हतं. पण १००० पायऱ्यांनंतर हे साधन थांबतं, संगणकावरची डेटा फाइल वाचत नाही. त्यामुळे सेमिस्टरच्या उत्तरार्धात बाजूला ठेवावं लागतं.

वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थिनी आहे. तिला बाण कसे दाखवणार? एका डब्याला दोन दोऱ्या बांधल्या, टोकांना ब्रेलमध्ये नावं लावली आणि म्हटलं, ओढून बघ. तिने दोन्ही ओढल्या आणि हसली, "मॅडम, डबा एकच आहे." पुढच्या तासाला बाकीच्यांनीही दोऱ्या मागितल्या.