‘कार्ड चाललं नाही’ म्हणाला, आणि आमचे ₹84,614 गेले

मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर डायव्हिंगला निघालेल्या, किंवा कॅरिबियनमधल्या कुठल्याही बेटावर खिशातून कार्ड काढणार असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहिते आहे. संताप अजून उतरलेला नाही. भाषा कडक वाटली तर वाटू दे.

आम्ही दोघं काही नवखे नाही. पहिलं डायव्हिंग तारकर्लीला शिकलो, नंतर अंदमान केलं. नवरा दिवसभर लोकांचे हिशोब तपासतो. फेब्रुवारी 2024 मध्ये ह्यूस्टनला दिरांकडे गेलो होतो. अमेरिकेचा व्हिसा चालू असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, म्हणून तिथूनच कोझुमेल गाठलं. तिथले पाण्याखालचे प्रवाळ, पलंकार, सांता रोसाची भिंत, प्रवाहाबरोबर नुसतं वाहत जायचं ते सुख, याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. जे झालं ते डायव्हिंगच्या दुकानाच्या काउंटरवर झालं.

दोघांचं मिळून पॅकेज ठरलं होतं 880 अमेरिकन डॉलरला. पैसे शेवटच्या डायव्हनंतर द्यायचे. मशीन पेसोत चालतं, तेव्हा काउंटरवरच्या माणसाने डॉलरला 17 पेसोचा दर लावला आणि 14,960 पेसो सांगितले. त्या दिवसांत बाजारातला दरही साधारण तोच होता. इथेच माझा विश्वास बसला. जो माणूस दरात एक पैसा मारत नाही तो पुढे काय करणार, असं कुणालाही वाटेल. बोलायला गोड, रोज नावाने हाक मारणारा.

क्रेडिट कार्ड मशीनमध्ये घातलं, पिन मी स्वतः दाबला. मशीन त्याने आपल्याकडे वळवलं, मान हलवली आणि म्हणाला, "नो पासो." कार्ड गेलं नाही. भारतीय कार्डांचं असं होतं म्हणे, कालच एका जोडप्याचं झालं. पुन्हा घालून बघते म्हटलं तर म्हणाला, नको, बँक कार्ड बंद करून टाकेल, तुमची परदेशात पंचाईत होईल. रोख द्या, एटीएम पलीकडेच आहे.

आता ते ऐका, ज्यावरून माझी अजून झोप उडते. मशीनमधून कागदाच्या दोन पट्ट्या निघाल्या होत्या. दोन! व्यवहार झाला की सहसा एक दुकानाची आणि एक गिऱ्हाइकाची अशा दोन निघतात. न झालेल्या व्यवहाराच्या दोन प्रती कोण कशाला छापेल? त्याने दोन्ही एकदम फाडल्या, एक चुरगाळून टोपलीत टाकली आणि दुसरी गल्ल्यात सरकवली. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. नकार मिळालेल्या व्यवहाराची पट्टी कुणी गल्ल्यात जपून ठेवत नाही, एवढं मला तेव्हा सुचायला हवं होतं.

पण त्या क्षणी माझी अवस्थाही समजून घ्या. नुकतीच बोटीवरून उतरलेली, कानांना दडे बसलेले, हातात ओला सूट, मागे क्रूझवरून आलेल्या लोकांची रांग. फोन पिशवीच्या तळाशी, भारतीय सिमचं रोमिंग बंद, म्हणजे बँकेचा मेसेज येण्याचा प्रश्नच नाही. दुकानाचं वायफाय नेमकं तेव्हा ‘डाऊन’. स्पॅनिश येत नाही. कार्ड चाललं नाही असं समोरचा ठासून सांगतो तेव्हा माणूस ओशाळतो आणि घाईने दुसरा मार्ग शोधतो. त्याचा सगळा धंदा आपल्या त्या ओशाळण्यावर चालतो.

एटीएमवर दुसरा खड्डा. डेबिट कार्डावर एका वेळी 7,500 पेसो, असे दोनदा काढले. मशीनने पडद्यावर थेट रुपयात आकडा दाखवला, ₹40,900, आणि खाली मोठं हिरवं बटण, ‘स्वीकारा’. दिलासाच वाटला, किती जाणार ते आधीच कळलं म्हणून. त्या दिवशीच्या दराने 7,500 पेसोंचे होतात ₹36,525. म्हणजे एका खेपेला ₹4,375 जास्त, दोन खेपांचे ₹8,750. मशीनने रुपयांत दर विचारला की ‘नाकारा’ दाबायचं. पैसे तरीही मिळतात, फक्त दर आपल्या बँकेचा लागतो. पण नाकारलं तर व्यवहारच रद्द होईल असं वाटावं, तशीच त्या पडद्याची रचना आहे. कार्डाच्या मशीनवरही हाच प्रश्न येतो. तिथे कायम स्थानिक चलन निवडा.

रोख मोजून दिली. पावती मागितली तर साध्या कागदावर तारीख, रक्कम आणि ‘एफेक्तिवो’, म्हणजे रोख. शिक्का नाही, दुकानाचं नाव नाही.

डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसायचं नसतं, म्हणून पुढचा सगळा दिवस आम्ही बेटावरच होतो. दुकान चालत जाण्याच्या अंतरावर. तेव्हा कळलं असतं तर उभं राहून पैसे वसूल केले असते. पण जे कार्ड चाललंच नाही त्याचं स्टेटमेंट कोण उघडून बघतं? कळलं ते ह्यूस्टनला पोचल्यावर. 14,960 पेसो, बँकेचा मार्कअप (परदेशी व्यवहारावरचा आकार) आणि त्यावरचा जीएसटी धरून ₹75,864, व्यवहार यशस्वी. एटीएमचे ₹8,750 धरून एकूण ₹84,614 गेले.

बँकेला त्याच रात्री फोन केला. पहिलं उत्तर: पिन तुमचाच आहे ना मॅडम, मग व्यवहार तुम्हीच केलात. मी म्हटलं, हो, मीच केला, पण त्याचेच पैसे मी रोखही दिले आहेत, एका कामाचे दोनदा घेतलेत. हे वाक्य किती जणांना किती वेळा सांगितलं त्याला गणती नाही. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून कथा, दर वेळी नवा तक्रार क्रमांक. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक दाखवलं तर म्हणे ते अनधिकृत व्यवहारांसाठी आहे, तुमचा अधिकृत आहे. मग मागण्या सुरू झाल्या. कार्ड नाकारल्याची स्लिप द्या. अहो, ती त्याने दिली असती तर मी तुमच्या दारात कशाला आले असते? मग दुकानाच्या लेटरहेडवर दोनदा पैसे घेतल्याचं पत्र आणा. चोराकडून चोरीचा दाखला! मधे रक्कम तात्पुरती जमा केली, मला सुटल्यासारखं वाटलं, आणि काही आठवड्यांनी एका ओळीच्या मेलने परत वळती केली. का, तर दुकानाने पुरावा दिला. पुरावा कोणता? गल्ल्यात सरकवलेली तीच पट्टी.

आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, गुन्हा मेक्सिकोत घडलाय, तिकडे करा. तिकडे मेल केला तर उत्तर आलं, स्वतः हजर राहून तक्रार नोंदवा. ₹75,864 साठी दोघांची तिकिटं काढून पुन्हा कोझुमेलला जायचं का? बिल मात्र मुकाट भरावं लागलं, नाहीतर त्यावर व्याज चढलं असतं.

बँकेतल्या एकानेही मला एक साधी गोष्ट सांगितली नाही: ‘दुसऱ्या मार्गाने पैसे दिले’ हे चार्जबॅकचं, म्हणजे बँकेमार्फत दुकानाकडून पैसे परत मागण्याचं, स्वतंत्र कारण आहे. व्हिसा कार्डाला त्यासाठी साधारण 120 दिवसांची मुदत असते, आणि पुरावा म्हणून रोखीची पावती लागते. मी भरलेल्या फॉर्मवर त्यांनी कारण टाकलं ‘फसवणूक’, आणि तिथेच प्रकरण बसलं. तुमच्यावर वेळ आली तर कारण स्वतः लिहा आणि त्याची पोच घ्या. 30 दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करता येते, फी नाही. मी केली आहे.

कार्ड नाकारलं म्हणाले की पट्टी हातात घेतल्याशिवाय रोख काढू नका. बँकेचं ॲप तिथेच उघडा, त्यासाठी एक दिवसाचं रोमिंग घ्या, ते ₹75,864 पेक्षा स्वस्तच पडेल. रोख दिली तर पावतीवर दुकानाचं नाव आणि शिक्का हवाच. सगळे पैसे शेवटी देऊ नका, रोजचे रोज द्या. ॲपमध्ये परदेशी व्यवहारांची मर्यादा त्या दिवसाच्या खर्चाएवढीच ठेवा.

मेक्सिकोत 500 पेसोची नवी नोट निळी, तिथले जुने राष्ट्राध्यक्ष हुआरेझ यांचं चित्र असलेली. जुनी 20 ची नोटही निळी आणि चित्र त्यांचंच. 500 दिले की हातोहात 20 ची दाखवून ‘एवढीच दिलीत’ म्हणतात, म्हणून देताना आकडा मोठ्याने बोला. आणि डॉलर म्हटलं की कुठला ते विचारा. पेसोलाही तेच चिन्ह लावतात. बेलीझचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, तर केमन बेटांचा एक डॉलर अमेरिकेच्या 1.20 एवढा. कॅरिबियनमधल्याच बोनेअर बेटावर 2011 पासून अमेरिकन डॉलरच चालतो, तिथे निदान हा एक घोळ नाही. दिरांच्या ऑफिसातले चौघे आता तिकडेच निघालेत. मी त्यांना फोन करून सगळं सांगितलं आणि त्या दोन पट्ट्यांचं तर दोनदा सांगितलं.