रॅडुकानूचा अंतिम सामना तीन लांबींत: एका क्रीडा प्रक्षेपण सेवेचे परीक्षण

वार्षिक वर्गणी भरून घेतलेल्या एका क्रीडा प्रक्षेपण सेवेतील टेनिस संग्रहाचे हे परीक्षण आहे. अशा सेवेची जाहिरात नेहमी संख्येवर चालते. किती स्पर्धा, किती तास, किती पडदे. पण संग्रहाची खरी परीक्षा घ्यायची असेल, तर आपल्याला चांगला ठाऊक असलेला एकच सामना निवडावा आणि तो तेथे उपलब्ध असलेल्या प्रत्येक रूपात पाहावा, असे माझे मत आहे. त्यासाठी मी 11 सप्टेंबर 2021 रोजी न्यूयॉर्कच्या आर्थर ॲश स्टेडियममध्ये झालेला यूएस ओपनचा महिला एकेरीचा अंतिम सामना निवडला. त्यात अठरा वर्षांच्या एमा रॅडुकानूने एकोणीस वर्षांच्या लैला फर्नांडेझचा 6-4, 6-3 असा पराभव केला. या सेवेत तो सामना तीन लांबींत मिळतो: काही मिनिटांची क्षणचित्रे, सुमारे अर्ध्या तासाची संक्षिप्त आवृत्ती आणि संपूर्ण चित्रण. मी तिन्ही रूपे याच क्रमाने पाहिली, कारण बहुतेक प्रेक्षकही छोट्यापासूनच सुरुवात करतात आणि पुष्कळदा तेथेच थांबतात.

हाच सामना निवडण्यामागे आणखी एक कारण होते. या सामन्याचा निकाल माहीत असला, तरी तो कसा लागला हे अनेकांना नीट आठवत नाही. जागतिक क्रमवारीत 150व्या स्थानावर असलेली रॅडुकानू पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धेत आली आणि पात्रता फेरीचे तीन व मुख्य स्पर्धेचे सात, असे दहा सामने एकही सेट न गमावता जिंकून विजेती झाली. खुल्या युगात, म्हणजे 1968 पासून व्यावसायिक खेळाडूंनाही या स्पर्धा खुल्या झाल्यापासून, पात्रता फेरीतून येऊन ग्रँड स्लॅम एकेरीचे विजेतेपद मिळवणारा तिच्याआधी एकही खेळाडू नव्हता, ना पुरुष ना महिला. 1977 मध्ये व्हर्जिनिया वेडने विम्बल्डन जिंकल्यानंतर एकाही ब्रिटिश महिलेला ग्रँड स्लॅम एकेरीचे विजेतेपद मिळाले नव्हते, आणि त्या दिवशी वेड स्वतः प्रेक्षागृहात बसलेली होती. या आकड्यांचा परिणाम असा झाला की पुढे हा सामना परीकथेसारखा सांगितला जाऊ लागला, म्हणजे मुलगी आली, खेळली आणि जिंकून गेली. कोणत्या रूपात ही परीकथा टिकते आणि कोणत्या रूपात टेनिस दिसते, हे मला तपासायचे होते.

क्षणचित्रांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. चित्र स्वच्छ आहे, फटके देखणे आहेत, संगीत अनावश्यक आहे. एकामागून एक विजयी फटके येतात, शेवटी बिनतोड सर्व्हिस, रॅकेट हातातून सुटते आणि मुलगी पाठीवर कोसळून चेहरा झाकते. ज्याला केवळ निकाल हवा आहे त्याचे काम होते. मात्र हे पाहून उठलेला माणूस फर्नांडेझ या सामन्यात फारशी नव्हतीच, असे ठामपणे सांगेल, आणि ते साफ चुकीचे ठरेल.

संक्षिप्त आवृत्ती अधिक फसवी आहे, कारण ती प्रामाणिक दिसते. प्रत्येक गेम तिच्यात येतो, गुणफलक सलग हलतो, आणि आपण सामना पाहिला असे समाधान मिळते. कापले गेलेले असते ते दोन गुणांमधले अंतर. यूएस ओपनमध्ये सर्व्हिससाठी पंचवीस सेकंदांचे घड्याळ असते आणि ते मैदानावर सर्वांना दिसते. त्या पंचवीस सेकंदांत खेळाडू टॉवेलकडे जाते की थेट रेषेवर येते, चेंडू निवडताना किती वेळ लावते, चुकलेल्या फटक्याची पुन्हा हवेत नक्कल करते का, यांवरून सामन्याचा कल गुणफलकाच्या आधी कळतो. फर्नांडेझ गुण जिंकल्यावर मूठ आवळून प्रेक्षकांकडे वळत असे, तर रॅडुकानू बहुतेक वेळा पाठ फिरवून पुढच्या गुणाकडे निघालेली दिसे. संपादकाच्या कात्रीने नेमका हा फरक नाहीसा केला आहे. एका गुणाच्या शेवटच्या फटक्याला दुसऱ्या गुणाची पहिली सर्व्हिस चिकटवली की दोघीही सारख्याच वेगाने, सारख्याच स्वभावाने खेळत आहेत असे वाटते.

संपूर्ण चित्रणात या सेवेचे पैसे वसूल होतात. प्रत्यक्ष सामना 1 तास 51 मिनिटांचा होता आणि पहिल्या सेटलाच जवळपास एक तास लागला, हे वाक्य लिहिणे सोपे आहे, परंतु तो तास बसून पाहिला की 6-4 या आकड्यामागे किती झटापट होती ते उमगते. रॅडुकानूने दुसऱ्याच गेममध्ये सर्व्हिस भेदून, म्हणजे प्रतिस्पर्धी सर्व्हिस करत असलेला गेम जिंकून, 2-0 अशी आघाडी घेतली आणि लगेच पुढच्या गेममध्ये स्वतःची सर्व्हिस गमावली. त्यानंतर बराच वेळ दोघींपैकी कोणीच मागे हटत नाही. दहाव्या गेममध्ये, फर्नांडेझच्या सर्व्हिसवर, सेट पॉइंट, म्हणजे जिंकला की सेट मिळेल असे गुण, येतात आणि निसटतात, आणि अखेर त्यांतला एक सार्थकी लागतो. संक्षिप्त आवृत्तीत या गेमचे शेवटचे दोनच गुण ठेवले आहेत, त्यामुळे निसटलेल्या सेट पॉइंटचे ओझे पाहणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही.

पूर्ण चित्रणातच लक्षात येणारी दुसरी गोष्ट म्हणजे रॅडुकानूचे परतीच्या फटक्यासाठी उभे राहण्याचे ठिकाण. दुसरी सर्व्हिस येणार म्हटले की ती बेसलाइनवर (मैदानाच्या मागच्या रेषेवर) किंवा तिच्याही आत येऊन उभी राहते आणि चेंडू वर येत असतानाच मारते. एकदा पाहून हे जाणवत नाही. त्याच जागी ती दहाव्या, विसाव्या वेळी उभी राहते, डावखुऱ्या फर्नांडेझला सर्व्हिससाठीची जागा लहान लहान वाटू लागते आणि तिला दुसऱ्या सर्व्हिसवर अधिक धोका पत्करावा लागतो, ही प्रक्रिया हळूहळू घडते. असे परतीचे फटके स्वतः क्वचितच विजयी ठरतात. गुण तीन फटक्यांनंतर मिळतो, त्यामुळे क्षणचित्रांत तिसरा फटका येतो आणि ज्याने काम केले तो पहिला वगळला जातो. फर्नांडेझही बेसलाइन सोडायला तयार नसते, म्हणून दोघींमधली चेंडूंची देवाणघेवाण विलक्षण जलद होते. हा वेग दाखवण्यात मुख्य कॅमेरा कमी पडतो. उंचावरून, मागून घेतलेल्या दृश्यात मैदानाची खोली चपटी होते. पुनर्दृश्यांसाठी वापरलेला जमिनीलगतचा कॅमेरा जेव्हा काही सेकंदांपुरता येतो, तेव्हा चेंडू जाळीवरून किती कमी उंचीने जात होता ते पाहून आपण सावरून बसतो. कॅमेरा निवडण्याची सोय या सेवेने द्यायला हवी होती. आजच्या काळात ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

दुसऱ्या सेटमध्येही परीकथेला तडा जातो. येथे आधी सर्व्हिस भेदते ती फर्नांडेझ, आणि 2-1 अशी पुढे जाते. त्यानंतर रॅडुकानू सलग चार गेम जिंकून 5-2 वर पोहोचते, आठव्या गेममध्ये तिला विजेतेपदाचे दोन गुण मिळतात आणि फर्नांडेझ दोन्ही वाचवते. 5-3 असताना रॅडुकानू विजेतेपदासाठी सर्व्हिस करायला येते आणि 30-40 वर, म्हणजे ब्रेक पॉइंटवर (तो गमावला तर सर्व्हिस भेदली जाते), एक चेंडू गाठण्यासाठी घसरते आणि तिच्या डाव्या गुडघ्यातून रक्त येऊ लागते. नियमानुसार रक्तस्राव थांबवल्याशिवाय खेळ पुढे नेता येत नाही. वैद्यकीय मदत येते, पट्टी बांधली जाते, आणि आपल्या हातात आलेला ब्रेक पॉइंट असा टांगून ठेवला गेल्यामुळे अस्वस्थ झालेली फर्नांडेझ पंचांकडे तक्रार करते.

क्षणचित्रांत ही घटना दोन दृश्यांत संपते: घसरणे आणि पट्टी. पूर्ण चित्रणात ती सगळी मिनिटे आहेत, आणि माझ्या मते या संपूर्ण संग्रहातील ती सर्वोत्तम मिनिटे आहेत. खुर्चीवर बसलेली एक मुलगी गुडघ्याकडे पाहत आहे; जाळीपलीकडे दुसरी मुलगी अंग थंड पडू नये म्हणून हालचाल करत आहे, बोलत आहे, डोळे पुसत आहे; स्टेडियममध्ये कोणाला कशासाठी टाळ्या वाजवाव्यात हे कळत नाही. टेनिसचा एकही चेंडू मारला जात नाही. पुन्हा खेळ सुरू झाल्यावर रॅडुकानूने तो ब्रेक पॉइंट वाचवला, त्यानंतरचाही वाचवला, आणि विजेतेपदाच्या तिसऱ्या गुणावर बाहेरच्या कोनात बिनतोड सर्व्हिस मारून सामना संपवला. ती सर्व्हिस क्षणचित्रांतही तीच आहे, पण आधीची थांबलेली मिनिटे पाहिल्यावर ती वेगळ्याच वजनाने येते.

सेवेच्या सोयींपैकी मला सर्वांत आवडली ती समालोचन बंद करून केवळ मैदानातील आवाज ऐकण्याची. त्या वर्षी स्पर्धेत सर्व मैदानांवर रेषापंचांऐवजी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती, त्यामुळे ‘आउट’चा पुकारा ध्वनिक्षेपकातून येतो आणि त्याच्यावर वादच होत नाही. समालोचक नसताना हा कोरडा पुकारा, बुटांचा घासण्याचा आवाज आणि प्रेक्षकांची कुजबुज एवढेच उरते. प्रेक्षक कोणाच्या बाजूचे होते हेही तेव्हाच कळते. फर्नांडेझने आधीच्या फेऱ्यांत गतविजेती नाओमी ओसाका, माजी विजेती अँजेलिक कर्बर, एलिना स्वितोलिना आणि आर्यना सबालेंका यांना प्रत्येकी तीन सेटमध्ये हरवले होते आणि न्यूयॉर्कचा प्रेक्षक तिच्यावर खूश होता. रॅडुकानूच्या पहिल्या सेटमधील चांगल्या फटक्यांनंतरच्या टाळ्या आणि फर्नांडेझच्या फटक्यांनंतरचा गलका यांतला फरक समालोचनाखाली दबून जातो.

आकडेवारीचा फलक पडद्याच्या बाजूला उघडता येतो, पण तो सामना संपल्यानंतरचे आकडे दाखवतो, आपण जेथे आहोत तेथपर्यंतचे नाहीत. पहिल्या सेटमध्ये असताना पूर्ण सामन्याचे ब्रेक पॉइंट वाचायला मिळणे, याला सोय म्हणावे की खोडसाळपणा, हे मी ठरवू शकलेलो नाही.

याहून गंभीर दोष प्रगतिपट्टीचा आहे. ‘निकाल लपवा’ हा पर्याय सुरू ठेवला तरी पट्टीवर चित्रणाची एकूण लांबी दिसतच राहते. पहिला सेट संपताना उरलेला वेळ पाहिला, त्यातून बक्षीस समारंभाचा वजा केला, की तिसरा सेट होणार नाही हे शाळकरी मुलालाही कळेल. मुखपृष्ठाचे चित्र तर चषक हातात घेतलेल्या विजेतीचेच आहे. जुन्या सामन्याचा निकाल लपवण्यात काय अर्थ, असे कोणी विचारेल. पण नव्याने टेनिस पाहू लागलेल्या माझ्या घरच्या एका सदस्याला निकाल खरोखरच माहीत नव्हता आणि दुसऱ्या सेटच्या मध्यावर त्याने पट्टीकडे बोट दाखवून उरलेला सामना माझ्यासाठी संपवून टाकला. एकूण लांबी लपवणे किंवा शेवटी कोरी फीत जोडणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ग्राहक कक्षाला तसे कळवले असता, सूचनेबद्दल आभार मानणारे ठरावीक उत्तर आले.

संग्रहातील मोठी उणीव मात्र वेगळी आहे. रॅडुकानूच्या मुख्य स्पर्धेतील सातही लढती येथे पूर्ण लांबीत आहेत. त्यांत टोकियो ऑलिम्पिकची सुवर्णपदक विजेती बेलिंडा बेन्चिच हिच्याविरुद्धचा 6-3, 6-4 असा उपांत्यपूर्व सामना आवर्जून पाहण्यासारखा आहे, आणि मारिया सक्कारीविरुद्धच्या 6-1, 6-4 अशा उपांत्य लढतीत परतीच्या फटक्याची तीच जागा पुन्हा दिसते. पात्रता फेरीचे तीन सामने मात्र एकाही रूपात नाहीत. ज्या विजयाची सारी ओळखच ‘पात्रता फेरीतून आलेली विजेती’ अशी आहे, त्याच्या संग्रहात ती फेरीच नसावी, हे चमत्कारिक आहे. सेवेने या लढतींना ‘संपूर्ण प्रवास’ असे शीर्षक दिले आहे. दहांपैकी सात सामन्यांना संपूर्ण म्हणणे हा हिशेब मला पटला नाही.

वर्गणीचे नूतनीकरण मी केले आहे, परंतु केवळ पूर्ण चित्रणांसाठी. दोन्ही छोट्या आवृत्त्या इतरत्रही सहज मिळतात आणि त्यांच्यासाठी पैसे मोजू नयेत. पाहणाऱ्याने एवढे करावे: समालोचन बंद ठेवावे, प्रगतिपट्टीवर कागदाची चिठ्ठी चिकटवावी (मी तेच करतो), आणि शेवटची सर्व्हिस झाल्यावर लगेच बंद करू नये. बक्षीस समारंभही या चित्रणात न कापता ठेवला आहे. त्यात पराभूत फर्नांडेझ आपले बोलणे संपल्यावर पुन्हा ध्वनिक्षेपक मागून घेते आणि त्या दिवशी न्यूयॉर्कवरील हल्ल्याला 20 वर्षे पूर्ण झाल्याची आठवण काढून शहराच्या खंबीरपणाविषयी बोलते. बाजूला उभी असलेली, गुडघ्याला पट्टी बांधलेली रॅडुकानू ते ऐकत असते.