इलस्ट्रेशन एजंटसोबत 16 महिने : माझा अनुभव

16 महिन्यांपूर्वी मी एका इलस्ट्रेशन एजन्सीशी, म्हणजे चित्रकारांना कामं मिळवून देऊन त्यावर कमिशन घेणाऱ्या संस्थेशी, करार केला. त्याआधी सहा वर्षं सगळं एकटीच ओढत होते. चित्र काढा, भाव ठरवा, बिल पाठवा आणि मग पैशांसाठी तगादा लावा.

एजन्सीची नजर माझ्यावर गेली ती पिसांच्या जलरंगातल्या मालिकेमुळे. ती कुणी मागवलेली नव्हती. हौसेने रोज एक पीस रंगवून ऑनलाइन टाकत होते. एजंटताईंनी नंतर सांगितलं, की एखादं सुरेख चित्र पाहून त्या कुणाला विचारत नाहीत. तोच हात सलग पंधरा-वीस चित्रांत टिकतो का, ते पाहतात. क्लायंट एका चित्रावर भाळतो आणि त्याला हवी असतात तशीच आणखी दहा.

पोर्टफोलिओसाठी मी 64 चित्रं पाठवली, त्यांनी 22 ठेवली. शाईतलं माझं सगळं काम बाहेर गेलं. जिव्हारी लागलं, पण उरलेली 22 एकत्र पाहिल्यावर मलाच माझं काम पहिल्यांदा नीट दिसलं. मग त्यांनी त्याच पिसांचा रिपीट पॅटर्न, म्हणजे सलग पुन्हा पुन्हा येणारी नक्षी, करून घेतला, वेष्टनावर आणि वहीवर बसवून दाखवला. खरेदी करणाऱ्याला नुसत्या चित्रात वस्तू दिसत नाही, ती दाखवावी लागते.

पहिले चार महिने एकही काम नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं.

पाचव्या महिन्यात एका साबण कंपनीला पिसांचं चित्र हवं होतं, तेही ‘सर्व हक्कांसह’. मी एकटी असते तर एक आकडा सांगून फाइल देऊन मोकळी झाले असते. ताईंनी उलट विचारलं : कशावर छापणार? कुठल्या देशांत? किती काळ? तेवढ्या काळात हे चित्र दुसऱ्या साबणवाल्याला द्यायचं नाही, अशी अट आहे का? उत्तरं आल्यावर कळलं, की त्यांना फक्त वेष्टन, दोन देश आणि सहा महिने एवढंच हवं होतं. मग तेवढ्याचंच लायसन्स दिलं, कॉपीराइट माझ्याकडेच राहिला. मुदत संपताना त्यांनी ती वाढवून मागितली आणि ब्रशही न उचलता दुसऱ्यांदा मानधन आलं. मध्ये तेच चित्र त्यांच्या कापडी पिशव्यांवर दिसलं. पिशव्या करारात नव्हत्या. ताईंनी वाद न घालता जादा वापराचं बिल पाठवलं, आणि ते भरलं गेलं! सहा वर्षांत मी अशी किती चित्रं कायमची देऊन टाकली, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

कमिशन 30 टक्के. या धंद्यात साधारण 25 ते 35 टक्के चालतं. सुरुवातीला खुपायचं, आता नाही, कारण भावाची बोलणी आणि दुरुस्त्यांच्या फेऱ्यांवरची हुज्जत माझ्या डोक्यावरून उतरली आहे. तिसऱ्या फेरीनंतर जादा पैसे, हे वाक्य मला क्लायंटला तोंडावर कधीच म्हणता आलं नव्हतं.

तक्रारी आहेत आणि त्या गंभीर आहेत. पैसे आधी एजन्सीकडे जातात, मग माझ्याकडे येतात. एकदा क्लायंटने दिलेली रक्कम तिथेच अडीच महिने पडून होती आणि मी विचारेपर्यंत कुणी अवाक्षर काढलं नाही. हे मला अजिबात मान्य नाही. दुसरं म्हणजे पिसं गाजली, तर आता मागणीही पिसांचीच. मुलांच्या पुस्तकांसाठी केलेली चित्रं त्यांनी दोनदा बाजूला ठेवली.

सही करण्याआधी तीन कलमं मात्र नक्की वाचा. तुमच्या जुन्या क्लायंटच्या कामावर कमिशन लागणार का? करार संपल्यावर किती महिने ते कापलं जाणार? माझ्या करारात सहा महिने आहेत. आणि तुमची चित्रं एआयच्या प्रशिक्षणासाठी देण्याचा हक्क कुणाला? ही मनाई मी स्वतः आग्रहाने लिहून घेतली. छापील मसुद्यात ती नव्हती.

पुढच्या महिन्यात कराराचं नूतनीकरण आहे. क्लायंटचे पैसे आल्यापासून 15 दिवसांत माझ्या खात्यात, आणि पुस्तकांचं काम या कराराबाहेर, अशा दोन अटी मी पाठवल्या आहेत. पहिली त्यांनी मान्य केली. दुसरीवर बोलणी चालू आहेत आणि त्या बाबतीत मी माघार घेणार नाही.