वेबर स्पिरिट २ ई-३१०: चार उन्हाळ्यांनंतर, सफाईच्या बाजूने

न्यू जर्सीतील आमच्या घराच्या मागच्या अंगणात गेली चार वर्षे वेबर कंपनीची ‘स्पिरिट २ ई-३१०’ ही तीन बर्नरांची गॅस ग्रिल आहे. तिचे तिन्ही बर्नर मिळून ताशी ३०,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) उष्णता देतात आणि पाच-सहा माणसांच्या जेवणाला ती सहज पुरते, एवढे सांगून भाजण्याचा विषय मी बाजूला ठेवते. मला लिहायचे आहे ते तिच्या सफाईविषयी, कारण गॅस ग्रिल घेताना झाकण उघडण्याआधी खाली वाकून तिचा तळ पाहावा, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

हे मत आधीच्या ग्रिलमुळे झाले. तिचा तळ जवळजवळ सपाट होता आणि ट्रे काढण्यासाठी स्क्रू सोडवावे लागत, म्हणून ते काम वर्षातून एकदाच होई. एका संध्याकाळी चिकन भाजत असताना तळाशी साठलेल्या चरबीने पेट घेतला. बर्नर आणि सिलिंडर दोन्ही बंद केल्यावरही ज्वाळा चालूच राहिल्या, कारण आता गॅस जळत नव्हता, चरबी जळत होती. तेलाच्या आगीवर पाणी घालायचे नसते हे ठाऊक होते, म्हणून झाकण मिटलेलेच ठेवून आम्ही सगळे लांब उभे राहिलो. ग्रिल घराच्या भिंतीपासून तीन मीटरांहून दूर होती, म्हणून नुकसान तिच्यापुरतेच राहिले. इथल्या बहुतेक घरांना बाहेरून लावलेल्या व्हिनाइल या प्लास्टिकच्या पट्ट्या नुसत्या जवळच्या धगीनेही वितळतात.

स्पिरिटमध्ये चरबीला खाली उतरायला सरळ वाट आहे. बर्नरांवर उलट्या ‘व्ही’सारख्या पत्र्याच्या पट्ट्या आहेत, त्यांच्यावर पडलेला रस काही जळून जातो आणि उरलेला उतरत्या तळावरून ॲल्युमिनियमच्या एका उथळ भांड्यात जमा होतो. ते भांडे भरले की टाकून द्यायचे असते. दोन भागांतल्या जाळ्या उचलायच्या, पट्ट्या काढायच्या, प्लास्टिकच्या खरवडणीने बाजूंचा थर खाली लोटायचा आणि ट्रे बाहेर ओढायचा, हे सारे कोणत्याही हत्याराशिवाय पाऊण तासात होते. अर्थात ग्रिल पूर्ण थंड झालेली आणि सिलिंडर बंद असला पाहिजे. सफाई टळावी म्हणून तळाला फॉइलचा कागद पसरणारे लोक मी पाहिले आहेत. त्या कागदाच्या घड्यांत चरबी साचते, हवेची वाट अडते आणि आगीला नेमके हवे ते मिळते.

आमच्या जेवणाची यात वेगळी भर पडते. दह्यात मुरवलेले पनीर किंवा चिकन जाळीला धरते, भरताच्या वांग्याचा रस पट्ट्यांवर गळून करपतो, आणि मसाल्यात थोडा गूळ असला तर तो डांबरासारखा घट्ट बसतो. त्यामुळे पाच-सहा वेळा ग्रिल वापरली की मी आतली सफाई करते. जाळीची सफाई मात्र दर वेळी करते: झाकण मिटून पंधरा मिनिटे ग्रिल तापवायची आणि गरम जाळीवरच ब्रश फिरवायचा, म्हणजे करपलेले कण सहज सुटतात.

हा ब्रश तारेच्या केसांचा नसावा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०१२ मध्ये ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथील रुग्णांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला होता. ब्रशातून सुटलेली बारीक तार जाळीला चिकटते, तिथून पदार्थात जाते आणि घशात किंवा आतड्यात रुतते, हे त्यातून स्पष्ट झाले. मी तारेच्या केसांऐवजी गुंडाळलेल्या जाड तारेची वेटोळी असलेला ब्रश वापरते आणि शेवटी चिमट्यात धरलेल्या ओल्या कापडाने जाळी पुसून घेते.

झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटू लागले की रंग उडतो आहे असे अनेकांना वाटते. तो रंग नसतो. धूर आणि तेलाची वाफ थंड होऊन बसलेला तो कार्बनचा थर असतो, आणि साबणाच्या कोमट पाण्याने तो निघतो.

बर्नरांकडे वसंत ऋतूत पहिल्यांदा ग्रिल पेटवण्याआधी नीट पाहावे लागते. हिवाळाभर ती पडून असताना नळ्यांत कोळी जाळी विणतात, गॅस अडतो आणि ज्योत भलतीकडून बाहेर येऊ शकते. ज्योत निळी हवी; ती पिवळी आणि आळशी दिसली तर हवेची वाट तुंबली आहे असे समजावे. भोकांवर ब्रश नळीला आडवा फिरवावा, लांबीच्या दिशेने फिरवल्यास एका भोकातली घाण दुसऱ्यात जाते.

सिलिंडर सुमारे नऊ किलोचा असतो आणि त्याच्या जोडणीची मोठी प्लास्टिकची चाकी हातानेच आवळायची असते, पान्याची गरज नसते. जोडणीवर आणि रबरी नळीवर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहण्याची सवय मला आईने लावली. गावी नवा सिलिंडर आला की ती हेच करत असे. सिलिंडरातला प्रोपेन वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर खाली साचतो, म्हणून सिलिंडर तळघरात किंवा गॅरेजमध्ये ठेवू नये. पेटवताना झाकण आधी उघडावे, सिलिंडरची झडप सावकाश उघडावी आणि मगच बर्नर सुरू करावा. झटक्यात उघडल्यास गळतीपासून रक्षण करणारी योजना गॅसचा प्रवाह रोखते आणि ग्रिल तापतच नाही. तेव्हा सगळे बंद करून, जोडणी सोडवून, काही मिनिटांनी पुन्हा हळू उघडले की ती पूर्ववत होते. पहिल्या उन्हाळ्यात मला हे माहीत नव्हते आणि मी रेग्युलेटर बिघडला असे समजून बसले होते.

याच आकाराच्या इतर अनेक ग्रिलपेक्षा हिची किंमत जास्त आहे. खालचा भाग उघडा असल्याने पावसासाठी आच्छादन वेगळे घ्यावे लागते, पण त्याच उघडेपणामुळे नळीला पडलेली चीर किंवा खारीने कुरतडलेली जागा लगेच नजरेस पडते, आणि मला तो व्यवहार मान्य आहे. सुट्या पट्ट्या आणि जाळ्या सहज मिळतात. येत्या एप्रिलमध्ये मी पट्ट्या बदलणार आहे. बाकीची ग्रिल आहे तशीच राहील.